दिव्याखाली ‘काही दिसले नाही’, तरी त्वचा का खरवडली : आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या अभिप्रायात तीन तक्रारी आहेत : जांभळ्या दिव्याखाली आणि भिंगातून पाहण्याचे पैसे घेतले, दिव्याखाली काही दिसले नसतानाही त्वचा खरवडली, आणि मेडिकलमधून आणलेल्या ज्या ट्यूबने खाज थांबत होती तीच बंद करायला लावली. रुग्णाच्या नोंदी जाहीरपणे मांडणे योग्य नसल्याने येथे गजकर्णाची तपासणी आम्ही या क्रमाने का करतो, एवढेच लिहितो.

जांभळा दिवा म्हणजे वुड्स लॅम्प. त्याच्या सुमारे ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांत शिबं पिवळसर दिसतात, कुत्र्यामांजरांपासून मुलांच्या डोक्यात येणारी मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी हिरवट चमकते, आणि जांघेतला एरिथ्राझ्मा, जो जिवाणूंमुळे होतो पण गजकर्ण समजून त्यावर बुरशीची औषधे लावली जातात, पोवळ्यासारखा लाल दिसतो. मात्र आपल्याकडे अंगावर आणि जांघेत होणारे बहुतेक गजकर्ण ज्या ट्रायकोफायटॉन बुरशीमुळे होते, ती या दिव्याखाली सहसा चमकत नाही. म्हणून ‘काही दिसले नाही’ याचा अर्थ बुरशी नाही असा होत नाही, आणि तिथे थांबणे हाच खरा निष्काळजीपणा ठरला असता.

भिंग म्हणजे डर्मोस्कोप. तो त्वचा साधारण दहा पट मोठी दाखवतो. त्यातून बुरशीचे तंतू दिसत नाहीत, पण चट्ट्याच्या कडेचा कोंडा, पातळ झालेल्या त्वचेखाली फुगलेल्या रक्तवाहिन्या आणि अंगावरची लव स्पष्ट दिसते. ही लव तुटलेली, वाकलेली किंवा पारदर्शक दिसली, तर बुरशी केसांच्या मुळांपर्यंत गेल्याची शक्यता मोठी असते आणि तिथे मलम पुरे पडत नाही, पोटातून गोळ्या द्याव्या लागतात. माझ्या मते या साधनाचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. खरवड कुठून घ्यावी, हेही त्यावरूनच ठरते.

त्यानंतरची खरवड पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि तंतू प्रत्यक्ष तिथे दिसतात. ब्लेडच्या बोथट कडेने वरचा कोंडा काढताना जखम होत नाही. कॉन्फोकल मायक्रोस्कोप त्वचा न खरवडताही तंतू दाखवू शकतो, परंतु ते महागडे यंत्र मोजक्याच केंद्रांत असते आणि आमच्याकडे नाही. जे साधन आहे त्यालाच अंतिम पुरावा म्हणणे मला मान्य नाही.

ट्यूबविषयी मात्र मी ठाम आहे. अशा अनेक मिश्र मलमांत तीव्र स्टिरॉइड असते; त्याने लाली आणि खाज दबते, पण बुरशी पसरत राहते, चट्ट्याची ओळखीची गोल कड पुसली जाते आणि निदान अवघड होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइडची अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरीही ती सहज मिळतात, आणि त्यापायी चेहऱ्यावर व जांघेत कायमचे व्रण घेऊन आलेले तरुण रुग्ण पाहताना मला फार वाईट वाटते.

दिवा आणि डर्मोस्कोप या दोन्ही तपासण्यांचे शुल्क पावतीवर वेगवेगळे लिहिलेले असते. खरवडीचा अहवाल आणि डर्मोस्कोपची छायाचित्रे आपल्याला मागितल्यावर मिळतील. पुढच्या भेटीस येताना आजवर लावलेल्या सर्व ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, सोबत आणाव्यात, आणि घरात आणखी कोणाला खाज असल्यास त्यांनाही आणावे.