गठ्ठा मतांपलीकडचा विजय

लाओसमधून आलेल्या ह्मॉंग या डोंगरी समाजातील निर्वासित कुटुंबातील वकील 'मी मुआ' जानेवारी २००२ मधील पोटनिवडणुकीत सेंट पॉलमधून अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या सिनेटवर (विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहावर) निवडून आल्या, त्याचे सगळे श्रेय त्यांच्या विजयावरील लेखात ह्मॉंग समाजाच्या गठ्ठा मतांना दिले आहे, ते मला अपुरे वाटते. मते गठ्ठ्याने पडण्याआधी मतदार व्हावे लागते, आणि त्यासाठी नागरिकत्व लागते. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने लाओसच्या डोंगरांत कम्युनिस्टांविरुद्धच्या लढाईसाठी उभे केलेले हे लोक १९७५ नंतर मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत पोहोचले आणि तेथून अमेरिकेत आले. त्यांच्यातील अनेक वृद्धांनी शाळाच पाहिली नव्हती, त्यामुळे नागरिकत्वाची इंग्रजी चाचणी त्यांना अशक्यप्राय होती. २००० च्या कायद्याने त्या लढाईतील माजी सैनिकांना व त्यांच्या पती-पत्नींना या भाषेच्या अटीतून सूट दिली. (ज्यांना बंदूक देताना इंग्रजी विचारले नव्हते, त्यांना ही सूट मिळायला पाव शतक लागले.)

शिवाय मिनेसोटात मतदानाच्या दिवशीच नावनोंदणी करता येते आणि पत्त्याचा कागद नसेल, तर त्याच मतदान केंद्राच्या हद्दीतील नोंदणीकृत मतदार शपथेवर ग्वाही देऊ शकतो. नव्या मतदारासाठी ही सोय मोलाची आहे. पुरुषप्रधान कुळव्यवस्थेच्या या समाजातून अमेरिकेतील विधिमंडळात पोहोचलेली पहिली व्यक्ती स्त्री असावी, यावर मात्र लेखात एखादा परिच्छेद तरी हवा होता.