तापमानवाढीचा पुरावा एका उन्हाळ्यात शोधू नये

एखादा उन्हाळा असह्य झाला की हवामान बदलाविषयी हळहळ व्यक्त होते आणि कडाक्याची थंडी पडली की त्याच विषयाची टिंगल सुरू होते. दोन्ही बाजूंचे लोक पुरावा चुकीच्या जागी शोधतात, असे माझे स्पष्ट मत आहे. एका ऋतूवरून काहीच सिद्ध होत नाही. या शास्त्राचा पाया हवेतल्या रेणूंच्या गुणधर्मांत आहे आणि तो दीडशेहून अधिक वर्षे जुना आहे.

हवेचा सुमारे ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा असला, तरी जमिनीकडून अवकाशाकडे जाणारी अवरक्त किरणांची उष्णता हे वायू जवळजवळ अडवतच नाहीत. ते काम पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन अशा अल्प प्रमाणातल्या वायूंचे. कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी उन्हात अधिक तापते, हे युनिस फूट यांनी १८५६ मध्ये दाखवले. काही वर्षांतच जॉन टिंडल यांनी वायूंचे अवरक्त शोषण प्रत्यक्ष मोजले. आणि कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दुप्पट झाल्यास पृथ्वी किती तापेल, याचे गणित स्वान्ते अर्हेनिअस यांनी १८९६ मध्ये मांडले. तेव्हा या प्रश्नाला कोणताही राजकीय रंग नव्हता, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

‘वाफ तर कार्बन डायऑक्साइडपेक्षा जास्त उष्णता अडवते’, हा आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. वाफ काही दिवसांत पाऊस होऊन खाली येते आणि हवेत ती किती राहील, हे तापमानच ठरवते. त्यामुळे ती तापमानवाढ सुरू करत नाही, सुरू झालेली वाढ अधिक तीव्र करते.

‘सूर्यच तापला असेल’, हा आक्षेप मला सर्वांत उद्बोधक वाटतो, कारण तो तपासता येतो. सूर्याची ऊर्जा वाढली असती, तर वातावरणाचे खालचे आणि वरचे दोन्ही थर तापायला हवे होते. याउलट, कार्बन डायऑक्साइड वाढल्यास खालचा थर तापेल आणि त्याच्या वरचा थर, म्हणजे स्थितांबर, थंड होईल, असे स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांचे १९६७ मधले गणित सांगत होते. पुढे फुगे आणि उपग्रहांच्या नोंदींत नेमके तेच आढळले. स्थितांबराच्या खालच्या भागातील थंडाव्यात ओझोनच्या घटीचाही मोठा वाटा आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्याच्या वरच्या भागातील थंडावा कार्बन डायऑक्साइडशिवाय समजावता येत नाही. शिवाय १९७८ पासून उपग्रहांनी मोजलेल्या सौरऊर्जेत वाढीचा कल दिसत नाही. मानाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते. आज ते ४२० च्या वर आहेत. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे सांगतात की गेल्या आठ लाख वर्षांत, औद्योगिक युगापर्यंत, हा आकडा जेमतेम ३०० पर्यंतच पोहोचला होता.

परिणामांची चर्चा बहुधा हवेच्या तापमानावरच थांबते, वास्तविक अडकलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्रात मुरते. पाणी तापून प्रसरण पावते आणि त्यात जमिनीवरील बर्फ वितळल्याची भर पडते. तापमान एका अंशाने वाढले की हवेची वाफ धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणून अतिवृष्टी अधिक तीव्र होते आणि जिथे पाऊस नसतो तिथली जमीन लवकर कोरडी पडते. एकाच वर्षी पूर आणि दुष्काळ आले म्हणून शास्त्रज्ञांना हसणाऱ्यांनी हे भौतिकशास्त्र तरी तपासून पाहावे.

‘पुढे तंत्रज्ञान येईल, तेव्हा पाहू’, हा युक्तिवाद मला सर्वांत कच्चा वाटतो. कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणले, म्हणजे हवेत जेवढा वायू सोडला तेवढाच काढून घेतला, तर तापमानाची वाढ बहुतांशी थांबेल, असा आजचा अंदाज आहे. पण वाढलेले तापमान त्यामुळे खाली येणार नाही, कारण सोडलेल्या वायूचा मोठा हिस्सा शतकानुशतके हवेत टिकतो, आणि समुद्राची पातळी तर त्यानंतरही वाढतच राहील.