पाणी आलंय का?

सोलापूरकराला झोपेतून उठवायचं असेल तर गजर लावू नये. लांब कुठंतरी प्लॅस्टिकची बादली फरशीवर ठेवल्याचा आवाज करावा. आमच्या गल्लीत नळ चार-पाच दिवसांनी येतो, कधी पहाटे तीनला, कधी रात्री अकराला, आणि तो आल्याची वर्दी या बादल्याच देतात. पहिली बादली वाजली की बायको पूर्ण जागी व्हायच्या आत मोटार लावून मोकळी झालेली असते. त्यामुळे पुण्याचा भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, आपण एक हिडन वॉटरफॉल शोधायला जाऊ", तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "किती वाजता येतो?"

या भाच्याचं एक ठरलेलं वाक्य आहे : "मामा, तुम्ही आमच्या पावसावर जगता." खोटं असतं तर वाद घातला असता. आम्ही पडलो पर्जन्यछायेत, वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. पाऊस पडतो तिकडं, तो भीमेतून उजनीत येतो आणि तिथून शंभरेक किलोमीटर पाइपातून रखडत आमच्या बादलीत. म्हणून पावसाळ्यात आम्ही आभाळाकडे बघत नाही, पेपरातली उजनीची टक्केवारी बघतो. उन्हाळ्यात ती मायनसमध्ये जाते. धरणात मायनस वीस टक्के पाणी असतं म्हणजे नेमकं काय असतं, हे पुणेकराला समजावताना घसा कोरडा पडतो. उपयुक्त साठा संपून मृतसाठा उपसायला लागलो की उणे मोजायचं, एवढंच. पण 'मृतसाठ्यावर जगतो' हे पाहुण्यांना सांगायला बरं वाटत नाही.

गौरी-गणपती आटोपल्यावरच्या रविवारी निघालो. तुळजापूर, धाराशिव मागे टाकून येडशीला, रामलिंगच्या जंगलात. आदल्या रात्री तिकडं जोराचा पाऊस झाला होता. भाच्याच्या पायात डोंगरासाठीच घेतलेले बूट. माझे बूट सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं फिरून म्हातारे झालेले. त्यांना चढ माहीत होता तो रेल्वेच्या पुलाचा. बायकोनं कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, अंथरायला चादर असं सगळं घेतलं आणि शिवाय पाच-पाच लिटरचे दोन रिकामे कॅन.

"हे कशाला?"

"पाण्यालाच चाललोय ना?"

रामलिंगचं देऊळ खाली घळीत आहे. रावणाशी झुंजताना जटायू इथंच पडला, असं सांगतात. तिथला धबधबा चांगला ऐसपैस कोसळत होता. मी हात जोडले आणि आता जेवून परत फिरायचं, अशा बेतानं चादर उलगडली. भाचा म्हणाला, "मामा, हा नाही. हा सगळ्यांना माहितीये." फुकट, दिवसाढवळ्या, इतक्या दाबानं पडणारं पाणी सोडून जायचं, ही कल्पना बायकोच्या पचनी पडेना. मला तर तिनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात माकड आलं. रामलिंगला माकडांना तोटा नाही. त्यानं पिशवीत हात घालून एक कडक भाकरी उचलली आणि समोरच्या कट्ट्यावर ऐटीत बसलं. चावली. थांबलं. भाकरी उलटून बघितली. पुन्हा चावली. मग ती दगडावर दोनदा आपटली, कानाजवळ नेली आणि शेवटी अशा नजरेनं माझ्याकडं पाहिलं की मी ओशाळलोच. कडक भाकरी चुरून, कालवून खायची असते. पण हे पुण्याच्या जावयांनाही सांगावं लागतं, तिथं माकडाचं काय. त्यानं भाकरी कट्ट्यावर ठेवली आणि शेजारच्या कुटुंबाचं वेफर्सचं पाकीट घेऊन गेलं.

भाच्याच्या मोबाइलमध्ये कुणीतरी काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ होता. त्यात पायवाट दिसत होती, पण ती कुठून सुटते ते सांगितलं नव्हतं, कारण मग ती गुप्त कशी राहणार! आम्ही ओढ्याच्या कडेनं चढायला लागलो. पळस, धावडा, मध्येच घाणेरीची जाळी. पहिली दहा मिनिटं मी निसर्गाकडे बघितलं. पुढचा तासभर मोज्यांकडे.

कुसळ ही काय चीज आहे ते गवतातून गेल्याशिवाय कळत नाही. टोक सुईसारखं आणि मागं पीळ घातलेली लांब शेपटी. ही शेपटी ओली झाली की पीळ सोडत गरगरते आणि टोक आत आत शिरतं. बी जमिनीत रुजावं म्हणून केलेली ही सोय. माझे मोजे घामानं भिजलेले. म्हणजे मी स्वतःच पाणी पुरवून स्वतःला टोचून घेत होतो. एका दगडावर बसून सतरा कुसळं उपटली आणि उठताना लक्षात आलं की दगडावरही होती.

वाट दोनदा फुटली, एकदा संपली. तिसऱ्यांदा जिथून निघालो होतो तिथंच पोचलो. माझ्या सतरा कुसळांवरून जागा ओळखू आली. तिथं शेळ्यांमागून एक आजोबा आले. भाच्यानं विचारलं, "आजोबा, इथं लपलेला धबधबा कुठंय?"

आजोबांनी त्याला बुटांपासून टोपीपर्यंत पाहिलं.

"लपलेला? कुनापासनं?"

"म्हणजे... कुणाला माहीत नसलेला."

"आमच्या शेळ्या रोज पाणी पित्यात तितं. त्यास्नी ठावं हाय."

मग आम्ही शेळ्यांच्या मागून गेलो. सांगायला लाज कशाला, सगळ्यांत पुढं एक काळी शेळी, मग भाचा, मग मी आणि मागून कॅन वाजवत बायको.

आधी आवाज आला. बायको जागीच थबकली, कान टवकारले आणि तीस वर्षांच्या सवयीनं म्हणाली, "आलं!" आणि सुटली. बूट घातलेला भाचा मागं, चपलेतली मामी पुढं.

होता मात्र सुरेख. काळ्या कातळावरून वीस-पंचवीस फूट दोन धारांत उतरणारा, खाली कमरेएवढा डोह, कडेला शेवाळ आणि तुषारांनी भिजलेलं गवत. मी कपड्यांसकट धारेखाली उभा राहिलो. डोक्यावर पाणी पडतंय आणि कुणी 'बास करा, टाकी भरायचीय' म्हणत नाही, हे पन्नाशीत पहिल्यांदा घडत होतं. भाचा व्हिडिओ काढत म्हणाला, "आज आपण एक हिडन जेम शोधलाय." मागं शेळी लेंड्या टाकत होती.

बायकोनं दोन्ही कॅन भरले, धारेचा अंदाज घेतला आणि निकाल दिला : "आपली टाकी अर्ध्या तासात भरली असती." एवढ्यात तिचा फोन वाजला. दरीत रेंज नव्हती, पण ती उभी होती त्या दगडावर एक कांडी येत होती. शेजारच्या काकू होत्या. नळ आला होता. दोन दिवस आधी, भर दुपारी, चांगल्या दाबानं.

ती किंचाळली, "किल्ली कुंडीखाली आहे! आधी हौद, मग वरची टाकी! पिण्याचं तांब्याच्या घागरीत... हॅलो? काकू?" एक बोट कानात घालून ती माझ्याकडं वळली. मी डोळे मिटून धारेखालीच होतो.

"अहो, ते पाणी जरा बंद करा की, काही ऐकू येईना!"