चुन्यावर सिमेंट थापू नका!

दर पावसाळ्यात तेच! आमच्या पुण्याच्या पेठेतल्या जुन्या वाड्याची भिंत ओल धरते आणि दुरुस्तीला सिमेंटची पोती येऊन पडतात. अहो, चुन्याची भिंत श्वास घेते. वरून सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, विटांचा भुगा होतो. परवा नुसतं बोट लावलं तर गिलाव्याचा पोपडा हातात आला, मागे तुळईचं टोक कुजून मऊ पडलेलं. वारसा समितीकडे किती अर्ज केले! पाहणी होते, फोटो निघतात, बैठक तहकूब. मुंबईत १९९५ सालीच वारसा नियमावली आली, जुन्या इमारतींच्या महत्त्वानुसार श्रेणी ठरल्या. पण नुसती श्रेणी देऊन वाडा उभा राहत नाही हो! आधी कौलं शाकारा, चुन्याचं काम जाणणारा गवंडी आणा. सुरूच्या झाडासारख्या घाटाचे सागवानी खांब अजून शाबूत आहेत, तोवर तरी!