‘घरच्या घरी दुनळी बंदूक दुरुस्त करा’ : हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

‘आजोबांची दुनळी कपाटात पडून आहे? गनहाऊसला पैसे कशाला घालता? हे सोपे उपाय घरीच करा.’ असा एक मेसेज इथे ग्वाल्हेरला, लश्कर भागातल्या आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. मी सोडून दिलं होतं. पण परवा माझा आतेभाऊ तो वाचून कानस आणायला निघाला, तेव्हा राहवलं नाही. आमच्या भागात लायसन्सची बंदूक असलेली घरं कमी नाहीत. चार जणांनी वाचलं, तर एक जण खरंच करून बघणार.

सगळ्यात घातक मुद्दा आधी घेतो. ‘काडतूस आत बसलं आणि बंदूक नीट बंद झाली, म्हणजे ते तिला चालतं.’ साफ खोटं. काडतुसावर छापलेली लांबी ही ते उडाल्यानंतरची, म्हणजे त्याच्या तोंडाशी दुमडलेल्या पाकळ्या उघडल्यानंतरची असते. पाकळ्या मिटलेलं ७० मिलिमीटरचं नवं काडतूस पट्टीला लावून बघा, ६० सुद्धा भरणार नाही. जुन्या विलायती बाराबोर बंदुकीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, बहुतेक वेळा अडीच इंची, ज्याला ६५ मिलिमीटरचं म्हणतात. त्यात ७० चं काडतूस आरामात बसतं आणि बंदूक बंदही होते. उडताना मात्र पाकळ्यांना उघडायला जागा उरत नाही. चेंबर जिथे निमुळतं होऊन नळीला मिळतं, तिथे त्या घुसतात, छर्र्यांची वाट आवळते आणि दाब वाढतो. पहिल्या बाराला बहुधा काहीच होणार नाही, म्हणून तर लोक फसतात. नळ्या मागच्या भागाला जोडणारा सांधा मात्र दर बाराला मार खातो. त्यात नळी आतून गंजून पातळ झालेली असली तर ती फुटायलाही वेळ लागत नाही, आणि डावा हात नळीखालीच असतो.

‘बसलं म्हणजे चालतं’ म्हणणाऱ्यांनी २० बोरचं काडतूस आठवावं (बोरचा आकडा मोठा, तितकी नळी बारीक). ते १२ बोरच्या नळीत चेंबर ओलांडून पुढे घसरतं आणि अडकतं. त्याच्या मागे १२ चं छान बसतं, बंदूक बंद होते, आणि चाप ओढला की नळी फाटते. हा घोटाळा टळावा म्हणूनच २० बोरची काडतुसं पिवळी करतात.

कोणतं काडतूस घालायचं हे विचारायला व्हॉट्सॲप लागत नाही, ते बंदुकीवरच कोरलेलं असतं. बंदूक रिकामी आहे याची खात्री करा, नळ्या उतरवा आणि चेंबरखालचा सपाट भाग उजेडात धरा. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस, म्हणजे बंदुका तपासून छाप मारणारी संस्था, १८१३ साली संसदेच्या कायद्याने सुरू झालं. जास्त दाबाचा बार उडवून नळी टिकली तरच ते छाप मारतं. १९५४ च्या नियमांप्रमाणे मारलेल्या त्यांच्या छापांत ‘२½’ आणि ‘३ टन’ असे आकडे दिसतील. पहिला चेंबरची लांबी इंचांत सांगतो, दुसरा दर चौरस इंचाला किती टन दाबासाठी बंदूक पास झाली ते. चेंबरपेक्षा लांब काडतूस वापरू नका, हे प्रूफ हाऊस स्वतः बजावतं. अपवाद एकच : काडतूस बनवणाऱ्यानेच खोक्यावर ‘६५ च्या चेंबरला चालेल’ असं छापलं असेल तर. छाप त्याहून जुने असले किंवा पुसट झाले असले, तर जाणकाराने बघेपर्यंत त्या बंदुकीत काहीच भरू नका.

आता तो कानशीचा उपाय. ‘एक चाप ओढला की दोन्ही नळ्या सुटतात? सिअर थोडा घासा.’ सिअर म्हणजे आतला घोडा अडवून धरणारा छोटा तुकडा. त्याची सुईच्या टोकाएवढी कड घोड्याच्या खाचेत टेकलेली असते. या जुन्या भागांचं पोलाद बहुधा वरच्या थरापुरतंच कडक केलेलं असतं. कानस मारली की तो थर जातो, खालचं मऊ लोखंड थोड्याच बारांत झिजतं, आणि मग चाप न ओढताही बंदूक सुटू शकते. शिवाय दोष सिअरमध्येच आहे हे कशावरून? स्प्रिंग मेली असेल, खाचेत मळी साचली असेल, दस्ता ढिला होऊन आतले भाग अडकत असतील, किंवा धक्क्याने बोटच दुसऱ्या चापावर जात असेल. कारण न शोधता कानस हातात घ्यायची, याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

आणि यावर मेसेजचा दिलासा काय, तर ‘सेफ्टी लावून ठेवा’. बहुतेक दुनळ्यांची सेफ्टी फक्त चाप अडवते. घोडा सिअरवरून निसटला, तर ती काही करू शकत नाही.

‘नळ्या हलतात तर सांध्यात कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा घाला.’ पत्र्याने खडखड थांबते, हे खरं. झीज तिथेच राहते, आणि पत्रा चेपला की फट परत येते. पुढचं लाकूड काढून रिकामी बंदूक हलवून बघा. ते लावलेलं असताना ढिलाई लपते. नळ्या आणि मागच्या भिंतीमध्ये उजेड दिसला, तर काडतुसाच्या बुडाला पुरता टेका उरलेला नाही. सांधा भरून बसवणं किंवा सांध्याची नवी जाड पिन घालणं हे कारागिराचं काम आहे.

‘पिनेचा मार हलका पडतो तर तेल सोडा’ हा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढं मान्य करतो. काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या पिनेचा मार हलका पडतो त्यामागे बरेचदा जुनं, गोंदासारखं घट्ट झालेलं तेल असतं. आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा होते, महिन्यांनी धूळ खाऊन परत येते, तेव्हा हे हमखास दिसतं. पण त्यावर आणखी तेल ओतलं, तर तेही थिजणार. आधी जुनं निघालं पाहिजे. आणि मेसेजमध्ये म्हटल्याप्रमाणे ‘बार उडाला नाही तर लगेच उघडा’, हे तर मुळीच करू नका. बार उशिरा पेटू शकतो. नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा.

पोचा आलेल्या नळीत गज ठोकायच्या मेसेजमधल्या सल्ल्याबद्दल एवढंच : पोच्याची फाट होईल. आणि ‘तोंड चेपलंय तर दोन इंच कापा’ हा सरळ गुन्हा आहे. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ६ प्रमाणे लायसन्सशिवाय नळी आखूड करता येत नाही, आणि कलम ५ प्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही वेगळं लायसन्स लागतं. बंदूक बाळगायचं लायसन्स त्यासाठी चालत नाही. कलम ५ मोडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं कैद आहे. पुसणं, साफ करणं घरी करा. बाकीचं लायसन्सवाल्या दुकानात न्या, दोष कोणत्या नळीत आणि कधी दिसतो ते नीट सांगा, आणि पावतीवर बंदुकीचा नंबर लिहून घ्या.