लढाई लांबते, पण हिट पॉइंटांमुळे नव्हे

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, पात्रे घेऊन आणि फासे टाकून खेळायचा कथाखेळ खेळणाऱ्यांमध्ये एक तक्रार वारंवार फिरते, ती साधारण अशी: एक फेरी (प्रत्येकाची एकेक पाळी) सहा सेकंदांची आणि लढाई तीन-चार फेऱ्यांची, म्हणजे कथेतल्या वीसएक सेकंदांसाठी टेबलावर दीड तास जातो, जुन्या आवृत्त्यांत असे होत नसे, दोष फुगवलेल्या हिट पॉइंटांचा (किती मार सोसता येतो त्या आकड्याचा) आहे, तेव्हा राक्षसांचे हिट पॉइंट निम्मे करा, लढाई मांडायचा नकाशा गुंडाळून ठेवा, म्हणजे लढाई झटपट उरकेल. तक्रारीमागचा वैताग खरा आहे, पण निदान बहुतांशी चुकले आहे आणि सुचवलेला उपाय तर खेळाची चवच घालवणारा आहे.

सेकंदांचा मुद्दा लगेच निकाली काढता येतो. पहिल्या 'ॲडव्हान्स्ड' आवृत्तीत लढाईची फेरी पूर्ण एका मिनिटाची होती, २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ती सहा सेकंदांची झाली. फेरीला कथेत किती वेळ लागला असे मानायचे, हा लेखकांचा निर्णय असतो. टेबलावरच्या घड्याळाशी त्याचा काही संबंध नाही.

हिट पॉइंटांचे मात्र नीट गणित मांडावे लागेल. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला ऑगर हा राक्षस घ्या: आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) ११, हिट पॉइंट ५९. समोर तिसऱ्या पातळीची चार पात्रे आहेत, प्रत्येकाला वाराच्या फाशात अधिक ५ आणि इजेसाठी आठ बाजूंचा फासा अधिक ३ मिळतात असे धरू. वीस बाजूंच्या फाशावर ६ किंवा जास्त पडले की वार लागतो, म्हणजे चारपैकी तीन वार लागतात; प्रत्येक लागलेला वार सरासरी साडेसात इजा करतो. चौघांची मिळून फेरीला साडेबावीसच्या आसपास इजा होते आणि ऑगर तिसऱ्या फेरीत कोसळतो. राक्षसाची काठिण्यपातळी ठरवताना त्याच्या वारांची सरासरी तीन फेऱ्यांवर काढावी, असे त्या आवृत्तीचे 'डंजन मास्टर्स गाईड'ही सांगते. अर्थात तीन फेऱ्यांची लढाई हेच तिथे गृहीत आहे. चार खेळाडू आणि डीएम (खेळ चालवणारा 'डंजन मास्टर') मिळून या पंधरा पाळ्या होतात. एका पाळीला एक मिनिट लागले तर पाव तास, तीन मिनिटे लागली तर पाऊण तास. दोन्ही टेबलांवर ऑगर तोच आणि त्याचे हिट पॉइंटही तेवढेच.

आता ते निम्मे करून पाहा. ऑगर दुसऱ्या फेरीतच पडेल, आणि इनिशिएटिव्हमध्ये (पाळ्यांच्या क्रमात) तो मागे असेल तर जेमतेम एकदा सोटा उगारून मरेल. वेळ वाचला हे खरे, पण लढाईत ज्याची भीती वाटावी ते काहीच उरले नाही आणि पहिला फासा कोणाचा चांगला पडला यावरच निकाल लागला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीबाबत ही तक्रार रास्त होती, हे मान्य करायलाच हवे. तिथे लढाया खरोखर रेंगाळत. परंतु तिथेही २०१० च्या तिसऱ्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये राक्षसांचे वार जबर करण्याकडे कर्त्यांनी लक्ष दिले. त्या रोग्याची चिठ्ठी आज वेगळ्याच रोग्याला दिली जात आहे.

मग वेळ जातो कुठे? पाचव्या पातळीच्या जादूगाराची पाळी आठवा. आपली पाळी आली हे त्याला नाव पुकारल्यावर कळते. तो स्पेलची (मंत्रांची) यादी वरपासून वाचू लागतो, फायरबॉल निवडतो, वीस फूट त्रिज्येचे वर्तुळ नकाशावर कुठे ठेवले तर आपला चोर वाचेल हे चौकोन मोजून पाहतो, मग सहा बाजूंचे आठ फासे गोळा करतो, त्यातला एक टेबलाखाली जातो. शेजारची योद्धा वीस बाजूंचा आणि इजेचा फासा एकत्रच टाकते आणि दोन वाक्यांत मोकळी होते. फासे दोघांनीही टाकले, वेळ खाल्ला तो निर्णयाने. नकाशा गुंडाळल्याने हे सुटत नाही. तीन शत्रू असतील तर नकाशाविना छान चालते, आठ असतील तर 'तो माझ्यापासून किती लांब आहे?' हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो आणि नकाशा गुंडाळून वाचवलेला वेळ तोंडी खर्च होतो.

'जुन्या काळी लढाया झटपट होत' हे विधान अर्धेच खरे आहे. १९७४ च्या मूळ नियमांत ऑर्क जातीचे राक्षस भेटले तर त्यांची संख्या ३० ते ३०० अशी दिलेली आहे; तीनशे ऑर्कांशी कोणी पंधरा मिनिटांत लढत नव्हते. जिथे लढाई खरेच लवकर संपे, तिथे कारणे निराळी होती. १९८१ च्या 'बेसिक' संचात इनिशिएटिव्ह एकेकाचा नसून गटागटाचा होता, आणि अनुभवगुण मुख्यतः बाहेर आणलेल्या सोन्याचे मिळत असल्याने लढाई टाळण्यातच फायदा होता. त्याहून महत्त्वाचा होता मनोधैर्याचा नियम: बाजूचा पहिला गडी पडला की आणि पुन्हा निम्मे गारद झाले की डीएमने सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे, बेरीज राक्षसाच्या आकड्याहून जास्त आली तर तो पळतो किंवा शरण येतो. गॉब्लिन या राक्षसाचा आकडा ७, म्हणजे ३६ पैकी १५ वेळा पहिल्याच प्रेतानंतर टोळी पांगते.

पाचव्या आवृत्तीतही मनोधैर्याचा ऐच्छिक नियम आहे (विस्डमचा सेव्हिंग थ्रो, म्हणजे टिकून राहण्यासाठी टाकायचा फासा, लक्ष्य १०), पण तो वापरणारे डीएम मला फारसे भेटलेले नाहीत. परिणामी निकाल दुसऱ्या फेरीत स्पष्ट झालेला असतो आणि उरलेले दोन गॉब्लिन आणखी दोन फेऱ्या निमूटपणे मार खात उभे राहतात. कंटाळा येतो तो इथे, आणि तीन मिनिटांच्या चार पाळ्या संपेपर्यंत स्वतःच्या पाळीची बारा मिनिटे वाट पाहताना. त्याच टेबलावर शरण आलेल्या गॉब्लिनचे काय करायचे यावर चाळीस मिनिटे वाद चालतो, तेव्हा घड्याळाकडे कोणी पाहिलेले मला आठवत नाही, कारण त्या वादात सगळेच एका वेळी बोलत असतात.