विक्रम वीराचा काळ समजून घ्यायचा तर आधी तट बघा

सिंगापूरचा इतिहास १८१९ मध्ये इंग्रज अधिकारी रॅफल्स उतरला तिथून सुरू होतो, हे वाक्य अजूनही सर्रास ऐकू येतं आणि मला ते मनापासून खटकतं. त्याच्या साडेचार शतकं आधी या बेटावर, म्हणजे तेव्हाच्या तेमासेकवर, श्री विक्रम वीर राज्य करत होता. मलय परंपरेत सांगितलेल्या इथल्या पाच राजांपैकी हा दुसरा. नावामागे ‘पादुका’ हे बिरुद. मराठी माणसाला यातला एकही शब्द समजावून सांगावा लागत नाही.

१३४७ ते १३६२ ही त्याची वर्षं मात्र शिलालेखातली नव्हेत. ‘सजारा मलायू’ या मलय बखरीत कोणी किती वर्षं राज्य केलं ते दिलंय, त्यावरून मागाहून मांडलेलं हे गणित आहे.

बखर सांगते, जावा बेटावरच्या मजपहित साम्राज्याच्या राजाने सात वाव लांब, कागदासारखा पातळ, लाकडाचा सलग पापुद्रा कर्णफुलासारखा गुंडाळून पाठवला. विक्रम वीराला तो अपमान वाटला. त्याने दूतासमोर एका मुलाचं डोकं वाकसाने, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराने, भादरून दाखवलं आणि तो वाकस जावाला धाडला. मग शंभर युद्धनौका आल्या आणि हरून परत गेल्या.

गफलत इथे होते. कोणी हे जसंच्या तसं खरं मानतं, कोणी अख्खी बखर भाकड ठरवतं. चिनी व्यापारी वांग दायुआनचं १३४९ च्या सुमाराचं टिपण शेजारी ठेवून वाचा. सयामची (आजचं थायलंड) सत्तरेक जहाजं चालून आली, शहराने वेशी लावून घेतल्या, महिनाभर वेढा पडला, पण शहर पडलं नाही. बखरीत शत्रू वेगळा आहे, पण बेटावर समुद्रातून हल्ला होत होता आणि तो परतवलाही जात होता, एवढं पक्कं.

कशाच्या जोरावर? १८२२ मध्ये क्रॉफर्ड या इंग्रज अधिकाऱ्याने सिंगापुरातल्या आजच्या स्टॅमफर्ड रोडच्या बाजूने शहराच्या जुन्या मातीच्या तटाचे अवशेष पाहिले. पायथ्याला १६ फूट रुंद, उंची ८-९ फूट, बाहेरून गोड्या पाण्याचा ओढा, मागे टेकडी. उंची किरकोळ वाटते, पण तोफा नसलेल्या काळात ओढा ओलांडून उतारावर चढणारा माणूस वरच्या भालाइताच्या आयता तावडीत सापडतो.

राखण्यासारखंही बरंच होतं. लाका नावाचं सुगंधी लाकूड, धनेश पक्ष्याच्या चोचीवरची शिंगोटी, कापूस. शिवाय सामुद्रधुनीवरची चाचेगिरी. वांग लिहितो, पश्चिमेकडे जाणारं जहाज हे लोक सोडून देत. माल भरून परतताना मात्र दोन-तीनशे होड्या अंगावर येत, म्हणून खलाशी जवळच्या करिमून बेटापाशीच बाण अडवणारे जाड पडदे बांधून ठेवत.

आणि ज्या मजपहितला हरवल्याचं बखर सांगते, त्याच्याच दरबारातल्या १३६५ च्या ‘नागरकृतागम’ काव्यात तुमासिकचं, म्हणजे तेमासेकचंच, नाव मांडलिकांच्या यादीत आहे.